बारावीचा इंग्रजीचा पेपर आणि घरातील वडीलधारी माणसे

कापसाची वेचणी सुरू झाली आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागले, की घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावात आणखी एका हंगामाची चाहूल लागते. तो हंगाम बारावीच्या परीक्षेचा. गेली काही वर्षे या परीक्षेचा आरंभ इंग्रजीच्या पेपरनेच होत आहे. २०२३ व २०२४ मध्ये तो २१ फेब्रुवारीस, तर २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीस झाला. म्हणजे ज्या विषयाची धास्ती सर्वांत अधिक, तोच पहिल्या दिवशी समोर उभा राहतो.

ही धास्ती निराधार नाही. शाखा कोणतीही असो, इंग्रजी अनिवार्य आहे. इतर सर्व विषयांत चांगले गुण पडले आणि इंग्रजीत नात अडखळली, तर तिचा पुढचा प्रवेश अडतो. आणि शिक्षणात खंड पडलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी किती लवकर सुरू होतात, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी घरातील आजी-आजोबा म्हणतात, "आम्हांला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही, आम्ही काय करणार?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याला वाटते त्याहून बरेच आशादायक आहे. गुण कोठून मिळतात एवढे समजून घेतले, तर इंग्रजी न येणारा माणूसही या तयारीत मोलाचा सोबती होऊ शकतो.

गुणांचा हिशेब

जालना जिल्हा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. मंडळाच्या सध्याच्या आराखड्यानुसार इंग्रजीचे १०० गुण असतात. त्यांपैकी ८० लेखी कृतिपत्रिकेचे व २० तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात.

लेखी ८० गुणांची विभागणी अशी: गद्य, व्याकरण व सारांशलेखन ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६. गद्य उताऱ्यावर १२ गुण असतात, ते दोन-दोन गुणांच्या सहा छोट्या कृतींतून मिळतात. विधान बरोबर की चूक हे ओळखणे, आकृती पूर्ण करणे, शब्दार्थ शोधणे अशा या कृती. त्यांतील बरीचशी उत्तरे उताऱ्यातच दडलेली असतात. एका कृतीत तर विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारलेले असते. तेथे साध्या, शुद्ध वाक्यांत मनातले लिहिले तरी गुण मिळतात. भारदस्त इंग्रजीची अपेक्षा कोणी करीत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानी यावी. या परीक्षेत गुण घाऊक मिळत नाहीत, ते धान्य निवडावे तसे दाणा दाणा गोळा होतात. म्हणून एकही कृती कोरी सोडू नये, हा पहिला नियम. नातवंडाने सराव कृतिपत्रिका सोडविली, की ती हाती घेऊन किती जागा रिकाम्या राहिल्या एवढे मोजावे. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणास सुमारे सव्वादोन मिनिटे. गद्य विभागास साधारण ७५ मिनिटे, कवितेस ३० आणि लेखनकौशल्य व कादंबरी यांना प्रत्येकी ३५ मिनिटे द्यावीत. २०२३ पासून शेवटी १० मिनिटे वाढवून दिली जात आहेत. ती तपासणीसाठी राखावीत. सरावाच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून विभाग संपल्याची आठवण करून देणे, हे काम आजोबांनी आनंदाने अंगावर घ्यावे.

ऐकणारा कान

तयारीचा उत्तम मार्ग म्हणजे वाचलेले दुसऱ्यास सांगणे. नातीने रोज एक उतारा वाचावा आणि त्यात काय आहे ते आपल्याला मराठीत सांगावे. आपल्याला कळले, तर तिलाही कळले आहे. आपण "मग पुढे काय झाले?", "असे का केले त्याने?" एवढेच विचारीत जावे. सारांशलेखनाचा पाया याच प्रश्नांनी घातला जातो. त्यानंतर तोच मजकूर तिने पाच मिनिटे इंग्रजीत मोठ्याने बोलावा. घरात कोणी हसणार नाही ही खात्री असली, की तोंडी परीक्षेची भीती निम्मी होते.

कादंबरीच्या विभागात ज्यूल व्हर्नची ८० दिवसांतील जगप्रवासाची कथा आहे, तसेच शेरलॉक होम्सचीही एक कथा आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आपल्यापैकी काहींनी तरुणपणी वाचला असेल. त्या आठवणी नातवंडांना जरूर सांगाव्यात. गोष्ट मनात ठसली, की तिची इंग्रजी उत्तरे पाठ करण्याचे ओझे उरत नाही.

समर्थांची लेखनशिकवण

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच घनसावंगी तालुक्यातले. दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या पानाचे वळण शेवटच्या पानापर्यंत टिकावे, असा त्याचा आशय. आपल्यापैकी अनेकांच्या नित्यपाठातला हा ग्रंथ आहे. तो समास नातवंडांना एकदा समजावून सांगावा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या डोळ्यांना सुवाच्य, सुटसुटीत लेखनाने विसावा मिळतो, आणि लिहिलेले नीट वाचता आले तरच त्याचे गुण देता येतात.

झोप, आहार आणि घरातील शांतता

या वयातील मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी असते. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी पेंगणाऱ्या मुलाला आपण अभ्यासू समजतो. प्रत्यक्षात त्याची पाठांतरे गळत असतात. रात्री ठरल्या वेळी दिवा मालवावा आणि फोन वडीलधाऱ्यांच्या खोलीत ठेवावा. परीक्षेच्या सकाळी पोटाला सवयीचेच द्यावे. ज्वारीची भाकरी, दही, उपमा किंवा पोहे पुरेसे आहेत. चहाचे कप वाढवू नयेत, पाणी मात्र विसरू नये. अकराच्या पेपरसाठी साडेदहापर्यंत केंद्रावर पोचावे लागते. गावातून जाण्याच्या वाहनाची व्यवस्था आदल्या दिवशीच करावी.

आपल्या प्रकृतीकडेही लक्ष असू द्यावे. नातवंडाच्या परीक्षेच्या काळजीत रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी चुकणे, आजीने त्याच्याबरोबर रात्र रात्र जागणे, हे घरोघरी घडते. आजारी आजी ही परीक्षार्थीची सर्वांत मोठी चिंता ठरते.

मूल जेवण टाळू लागले, एकटे बसू लागले, "मला जमणारच नाही" असे वारंवार म्हणू लागले, तर त्यास नाटक समजू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे. टेलिमानस ही शासनाची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. मुलाने जीव नकोसा झाल्याचे सुचविले, तर त्यास क्षणभरही एकटे सोडू नये व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

निकालाच्या दिवशी

गुण अपेक्षेहून कमी आले, तर मार्ग खुले असतात. ठरलेल्या मुदतीत गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकन मागता येते. अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. २०२५ मध्ये ती जूनअखेरीस सुरू झाली. मुदती थोड्या दिवसांच्या असतात, म्हणून त्या दिवशी रागावण्यात वेळ न दवडता तारखा लिहून घ्याव्यात.

शेजारच्या मुलाचे गुण त्या संध्याकाळी घरात कोणी काढू नयेत. आपण आयुष्यात दुष्काळ पाहिले, पिके बुडालेली पाहिली, आणि पुढच्या मृगाला पुन्हा तिफण धरली. हा अनुभव कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही; तो नातवंडांना देण्याचा अधिकार केवळ आपला आहे.