'मला पळता येत नाही' हे कोण ठरवतं?

नगरच्या वाडिया पार्कवर शालेय स्पर्धांतला १४ वर्षांखालील गट रांगेत उभा राहिला, की नजर आधी उंचीवर जाते. एकाला मिसरूड फुटलंय, शेजारच्याचा आवाजही अजून फुटलेला नाही. शर्यत मात्र एकच. मागे पडलेला तो लहानखुरा मुलगा मनाशी ठरवून टाकतो, 'मला पळता येत नाही.'

पहिलीतलं पोर असं म्हणत नाही. ते शेवटचं आलं तरी 'मी लय जोरात पळालो' म्हणून खुशीत असतं. मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी १९७८मध्ये याचं कारण मांडलं: लहान मुलांना मेहनत आणि कुवत वेगळी दिसतच नाही, जो जास्त धडपडला तोच भारी. अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास हा फरक उमगतो. थेल्मा हॉर्न आणि मॉरीन वाईस यांनी १९९१मध्ये आणखी एक बदल नोंदवला. आठ-नऊ वर्षांची मुलं आईवडील काय म्हणतात त्यावर बरीच विसंबतात. दहानंतर सोबत्यांशी तुलना वाढते.

खरी अडचण इथेच आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. कुणाची वर्ष-दोन वर्षं आधी, कुणाची नंतर. म्हणजे तुलनेचा नाद लागतो त्याच वयात शरीरं तुलनेला सगळ्यात कमी लायक असतात. मुलाला वाटतं आपण कौशल्य मोजतोय. प्रत्यक्षात तो हाडं आणि स्नायू मोजत असतो.

आपल्याकडच्या यात्रांतल्या कुस्त्यांना हे शहाणपण आहे. रेवड्यांवरच्या कुस्त्यांत पंच वयाचा दाखला मागत नाहीत. दोन पोरं शेजारी उभी करून, अंग पाहून जोड लावतात. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी गेल्या दशकात हेच शास्त्रीय मोजमापाने करून पाहिलं. त्याला 'बायो-बँडिंग' म्हणतात. उशिरा वाढणाऱ्या मुलांना त्यात आपला खेळ दाखवता आला आणि लवकर वाढलेल्यांना नुसत्या ताकदीवर भागवता येईना. दोघांचाही फायदा झाला.

श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला गेला तो सतराव्या वर्षाच्या सुमारास. पुढे त्याने ३११ कसोटी बळी घेतले. बाराव्या वर्षीचा निकाल अखेरचा मानायचं काहीच कारण नाही.

क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती: दर सहा महिन्यांनी मुलांची उंची वहीत लिहा, मुलाला त्याचीच मागची वेळ दाखवा आणि सातवीत संघाबाहेर राहिलेल्याला नववीत पुन्हा चाचणीला बोलवा.