एक वेताळ, अनेक कुंचले

नागपूरहून उत्तरेस जबलपूरकडे जाणारा राजमार्ग मनसर मागे टाकतो, रामटेकचा डोंगर उजव्या हाताला राहतो आणि पुढे दोन्ही बाजूंस सागाचे दाट अरण्य सुरू होते. हे पेंच नदीचे खोरे होय. नागपूरपासून सुमारे १२५ किलोमीटरवर सिवनी हे गाव लागते. सिवनीच्या डोंगरांत लांडग्यांच्या कळपात वाढलेल्या एका मुलाची कथा रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने रचली आणि १८९४ मध्ये ती 'जंगल बुक' या पुस्तकातून जगापुढे आली. तो मुलगा म्हणजे मोगली.

एका देशात पेरलेले बी वाऱ्याबरोबर दूर जाऊन रुजते, तसेच कथांचेही होते. मोगलीची कथा अमेरिकेतील ली फॉक नावाच्या मुलाने वाचली आणि ती त्याच्या मनात घर करून राहिली. मोठेपणी त्यांनी अरण्यात राहणारा स्वतःचा एक नायक निर्माण केला. त्या नायकाच्या सोबत्यांच्या जमातीला त्यांनी 'बंदर' हे नाव दिले. तेही किपलिंगच्या कथेतील 'बंदरलोग' या शब्दावरून. १७ फेब्रुवारी १९३६ या दिवशी अमेरिकेतील वर्तमानपत्रात या नायकाची चित्रकथा सुरू झाली. त्या वेळी फॉक अवघे २४ वर्षांचे होते. इंग्रजीत या नायकाचे नाव 'फँटम', म्हणजे भूत किंवा छाया. मराठी मुलांनी मात्र त्याला ओळखले ते 'वेताळ' या नावाने.

वेताळाची कथा थोडक्यात अशी आहे. १५३६ साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला एक तरुण अनोळखी किनाऱ्यावर येऊन पडला. तेथील बंदर जमातीने त्याचे प्राण वाचविले. आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी जन्मभर झुंज देऊ. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच पोशाख आणि तोच मुखवटा धारण करीत आला. चित्रकथेतील नायक हा त्या घराण्यातील २१ वा पुरुष आहे. लोकांना हे रहस्य ठाऊक नाही. चारशे वर्षे एकच पुरुष अरण्यात वावरत आहे आणि त्याला मरण नाही, असे ते समजतात. वस्तुतः मुखवटा तोच राहतो. त्यामागील माणूस बदलतो.

हीच गोष्ट वेताळाच्या चित्रांचीही झाली. फॉक यांनी १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, ही कथा लिहिली. पण ती चित्रित करणारे हात बदलत गेले. वाचकांनी पाहिलेला वेताळ एकच होता, तरी तो दर वेळी निराळा होता. हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम सर्व चित्रकारांना समान असलेल्या गोष्टी पाहू. अंगाबरोबर बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि उजव्या हातात कवटीची अंगठी, एवढे फॉक यांनी आरंभीच ठरवून दिले होते. मुखवट्याआडून वेताळाची बुबुळे कधी दिसत नाहीत. ग्रीक शिल्पांतील बुबुळहीन डोळ्यांवरून ही कल्पना आपल्याला सुचली, असे फॉक सांगत. बुबुळे दिसली नाहीत, की तो मनुष्य कोठे पाहत आहे आणि त्याच्या मनात काय चालले आहे, हे कळत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी धाक वाटतो. सुपरमॅन १९३८ मध्ये आला आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. असा पोशाख व असे डोळे वेताळाला त्यांच्याही आधी लाभले होते. परंतु यामुळे चित्रकारापुढे एक कठीण काम उभे राहिले. डोळ्यांवाचून राग, करुणा किंवा सावधपणा दाखवायचा कसा? उत्तर एकच होते. जे डोळ्यांनी सांगायचे, ते खांद्यांनी, मानेने, हातांनी आणि सावलीने सांगायचे. हे उत्तर प्रत्येक चित्रकाराने आपापल्या परीने दिले.

पहिले चित्रकार रे मूर. त्यांच्या चित्रांत बहुधा रात्र असते. वर्तमानपत्राची रोजची पट्टी काळ्या शाईने छापली जाई; तेथे रंग नव्हते. मूर यांनी या उणिवेतूनच आपले सामर्थ्य मिळविले. बारीक रेषा आणि मोठमोठे काळे भाग यांच्या साहाय्याने त्यांनी अंधारच चितारला. त्यांचा वेताळ सडपातळ आहे. तो पुरता दिसण्याऐवजी भासतो. भिंतीवर पडलेली सावली किंवा झाडाआड उभी असलेली आकृती पाहून वाचक पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबतो. मूर यांनी वेताळाच्या नावाचा अर्थ 'छाया' असा घेतला, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मूर सैन्यात गेले आणि काम विल्सन मॅककॉय यांच्याकडे आले. पुढे तेच मुख्य चित्रकार झाले आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वेताळ चितारला. मॅककॉय यांची रेषा साधी आणि ठसठशीत. त्यांनी अंधार पुसून टाकला. त्यांच्या चौकटीत कोण कोठे उभा आहे आणि काय करीत आहे, हे लहान मुलालाही तत्काळ समजते. त्यांचा वेताळ भीतिदायक नाही. तो शेजारच्या सज्जन आणि बळकट गृहस्थासारखा वाटतो. काही रसिकांना ही चित्रे ताठर वाटली, तर काहींना त्यांतील सरळपणाच आवडला. मूर यांनी शत्रूच्या नजरेने वेताळ पाहिला, म्हणून तो भयंकर दिसला. मॅककॉय यांनी त्याला मित्राच्या नजरेने पाहिले, म्हणून तो जवळचा वाटला.

मॅककॉय यांच्यानंतर १९६१ मध्ये साय बॅरी यांनी कुंचला हाती घेतला आणि १९९४ पर्यंत तो खाली ठेवला नाही. मानवी शरीराची रचना, स्नायूंची हालचाल आणि वेग यांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्यांचा वेताळ घोड्यावरून झेप घेतो तेव्हा ती झेप चौकटीबाहेर जाईल असे वाटते. अरण्याबरोबरच विमानतळ, कचेऱ्या आणि शहरेही त्यांच्या चित्रांत ठसठशीतपणे उभी राहिली.

बॅरी यांच्या काळात आणखी एक बदल झाला आणि तो केवळ रेषांचा नव्हता. प्रारंभीच्या कथांत अरण्यातील लोक भोळे आणि भित्रे दाखविले जात. त्यांचे रक्षण करण्यास एक गोरा पुरुष लागे. चित्रांतही ते बहुधा एका जमावासारखे उभे असत. नायकाला चेहरा होता, त्यांना मात्र वेगळा चेहरा नव्हता. ही दृष्टी परक्या राज्यकर्त्यांच्या काळातील होती. ज्या देशांनी परकी सत्ता भोगली, त्यांतील वाचकांनी हा दोष विशेष ओळखावा. १९६० च्या सुमारास आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले. मग चित्रकथेतील देशही स्वतंत्र झाला आणि लामांडा लुआगा हा आफ्रिकी डॉक्टर त्याचा लोकनियुक्त अध्यक्ष म्हणून कथेत आला. आता चित्रकाराला वेताळाच्या बरोबरीने उभा राहणारा, विचारी मुद्रेचा एक राष्ट्रप्रमुख चितारावा लागला. कथेतील सर्व दोष याने नाहीसे झाले असे नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. नायक कसा काढला, एवढ्यावरच चित्रकाराची परीक्षा होत नाही. नायकाभोवतीची माणसे त्याने कशी काढली, यावरही ती होते.

आता रंगाची गंमत पाहू. फॉक यांच्या मनात वेताळाचा पोशाख राखाडी होता. काळ्या-पांढऱ्या पट्टीत त्याचा प्रश्नच आला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तीत पोशाख जांभळा छापला गेला. पुढे तोच रंग कायम झाला. पण ज्या देशांत ही चित्रकथा अन्य मार्गांनी पोहोचली, तेथील छापखान्यांनी आपापले रंग निवडले. स्वीडनमधील मुलांचा वेताळ निळा झाला; इटलीतील आणि ब्राझीलमधील मुलांचा तांबडा. एखाद्या स्वीडिश मुलाला जांभळा वेताळ दाखविला, तर तो निश्चयाने म्हणेल, की हा रंग चुकला आहे. अमेरिकेतील मूल निळ्या वेताळाविषयी तेच म्हणेल. पण त्या दोघांपैकी खरे कोणाचे? मूळ लेखकाच्या मनातला राखाडी वेताळ तर त्यांपैकी कोणीच पाहिला नाही! लहानपणी जे प्रथम पाहिले, तेच मूळचे आणि तेच शुद्ध, असे माणसाला वाटते. ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु ती नेहमी खरी नसते.

भारतात आल्यावर तर वेताळाचे नावही बदलले. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' हे नियतकालिक इंग्रजीत सुरू केले आणि पुढे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघू लागले. १९९० मध्ये ते बंद पडले. तोपर्यंत सुमारे ८०० अंक निघाले होते. दैनिकाच्या आडव्या पट्ट्या येथे पुस्तकाच्या उभ्या पानावर नव्याने मांडल्या जात. कथेतील देशाला 'डेंकाली' हे नाव देण्यात आले. मुखपृष्ठे भारतीय चित्रकार रंगवीत, त्यांत बी. गोविंद यांचे नाव वाचकांच्या विशेष स्मरणात राहिले. आत परदेशी चित्रकाराची शाईची रेषा आणि वर भारतीय चित्रकाराचा रंगांनी भरलेला कुंचला, असे दोन वेताळ एकाच अंकात एकत्र आले.

'वेताळ' हे नाव ज्यांनी निवडले, त्यांनीही एका अर्थी नवे चित्रच काढले. मराठी मुलखात वेताळ हा भुतांचा अधिपती मानला जातो. विक्रमराजाच्या पाठीवर बसून कूट प्रश्न विचारणारा वेताळ घरोघरी ठाऊक आहे. पुण्यात वेताळ टेकडी आहे. गोमंतकात वेताळाची देवळे व पाषाणमूर्ती आहेत. कित्येक गावांत तर शेंदूर फासलेली नुसती शिळा म्हणजेच वेताळ. तिला नाक नाही, डोळे नाहीत. तरी गावाचे रक्षण ती करते, असा लोकांचा भाव असतो. त्यामुळे डोळे न दिसणारा, रात्री संचार करणारा आणि दुर्बळांचे रक्षण करणारा हा परदेशी वीर मराठी वाचकाला परका वाटला नाही. एका शब्दाने त्याला गावाच्या वेशीवर आणून उभे केले.

मग खरा वेताळ कोणता? मूर यांची छाया, मॅककॉय यांचा सज्जन, बॅरी यांचा बलशाली योद्धा, की शेंदराची आठवण जागविणारा मराठी वेताळ? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शपथेत आहे. रंग बदलला, बांधा बदलला, नावही बदलले. तरी अन्यायाशी झुंजण्याची शपथ बदलली नाही, म्हणून तो वेताळच राहिला. उलट, एखाद्या चित्रकाराने पोशाख, मुखवटा आणि अंगठी यांची हुबेहूब नक्कल केली, पण त्याचा नायक दुर्बळांना पायाखाली तुडवू लागला, तर ते चित्र कितीही सुबक असले तरी वेताळाचे म्हणता येणार नाही. कोणत्याही कलेत काय जपावे आणि काय मोकळ्या मनाने बदलावे, हे ओळखण्यातच कलावंताची बुद्धी दिसते.

चित्रकलेच्या तासाला चाळीस मुलांनी मारुती काढला, तर चाळीस मारुती तयार होतात. कोणाचा मारुती पर्वत उचलून आकाशात झेपावतो. कोणाचा हात जोडून रामाच्या पायाशी बसतो. शेजाऱ्याच्या चित्रासारखे आपले चित्र झाले नाही, म्हणून एखादा विद्यार्थी खिन्न होतो आणि खोडरबर उचलतो. दुसऱ्याची रेषा गिरवून हात तयार होतो, हे खरे. थोर चित्रकारांनीही असे गिरविले आहे. परंतु गिरवणे ही पहिली पायरी आहे. पुढची पायरी म्हणजे स्वतः पाहणे. आपल्याला हा वीर कसा दिसतो, त्याचे कोणते कृत्य आपल्या मनाला भिडले, हे विचारून काढलेली रेषा वेडीवाकडी असली तरी ती स्वतःची असते.

सिवनीच्या सागवनातून निघालेली एक कथा समुद्र ओलांडून गेली, मुखवटा घालून परत आली आणि मराठी मुलांनी तिला आपले नाव दिले. प्रत्येक हाताने तिच्यात थोडी भर घातली, म्हणून ती इतका काळ जगली. त्या मुखवट्यामागे आणखी किती हात यायचे आहेत, हे कोणी सांगावे? त्यांपैकी एखादा आज वर्गात पेन्सिलीला टोक करीत बसलेलाही असेल.