दुहेरी बास ड्रमवादन

दुहेरी बास ड्रमवादन ही पाश्चात्त्य ड्रमसंच वाजविण्याची एक पद्धत असून तीत वादक दोन्ही पायांनी बास ड्रमवर आघात करतो. नेहमीच्या मांडणीत उजवा पाय बास ड्रमच्या पेडलवर असतो आणि डावा पाय हाय-हॅट या झांजांच्या जोडीची उघडझाप सांभाळतो. या पद्धतीत डावा पायही बास ड्रमसाठी राबविला जातो. त्यामुळे खर्जातील आघातांची एक अखंड सर निर्माण होते. आज ही पद्धत प्रामुख्याने हेवी मेटल आणि त्याच्या थ्रॅश, डेथ इत्यादी उपप्रकारांशी जोडली जाते. तिचा उगम मात्र जॅझ संगीतात आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकन जॅझ वादक लुई बेल्सन (जन्म १९२४) याने शालेय वयातच दोन बास ड्रम असलेल्या संचाचा आराखडा काढला होता. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात त्याने असा संच प्रत्यक्ष वाजविला. १९६० च्या दशकात 'क्रीम'चा जिंजर बेकर आणि 'द हू'चा कीथ मून यांनी तो रॉक संगीतात आणला. 'डीप पर्पल'चा इयन पेस हा एरवी एकच बास ड्रम वाजविणारा. परंतु 'फायरबॉल' (१९७१) या गीतासाठी त्यानेही दुसरा जोडून घेतला.

हेवी मेटलमधील वाटचाल

या पद्धतीला हेवी मेटलमध्ये निश्चित रूप मिळाले ते 'मोटरहेड'च्या 'ओव्हरकिल' (१९७९) या गीतापासून, असे मानण्यास जागा आहे. तालमीच्या वेळी ड्रमवादक फिल टेलर दोन बास ड्रमवर पायांचा सराव करीत होता. सहकाऱ्यांनी तोच ठेका उचलून धरला आणि त्यातून गीत उभे राहिले. तोपर्यंत दोन बास ड्रमचा उपयोग मुख्यतः एकलवादनात किंवा मधल्या भरण्यांत होत असे. येथे तोच गीताचा आधार बनला.

थ्रॅश मेटलमध्ये 'स्लेयर'चा डेव्ह लोम्बार्डो याचे स्थान फार वरचे आहे. क्यूबामधील हवाना येथे जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत आलेल्या या वादकाने 'रेन इन ब्लड' (१९८६) या जेमतेम २९ मिनिटांच्या संग्रहात वेगाचा नवा मापदंड घालून दिला. त्यातील 'एंजल ऑफ डेथ' या गीतात एका क्षणी बाकीची वाद्ये थांबतात आणि केवळ बास ड्रम उरतात. काही सेकंदांचा हा तुकडा पुढील पिढीच्या वादकांनी अक्षरशः घोटला. 'मेटॅलिका'चा लार्स उलरिक लोम्बार्डोइतका चपळ नाही. पण 'वन' (१९८८) या गीतात त्याने योजलेले सहा-सहा आघातांचे गट गिटारच्या बरोबरीने यंत्रबंदुकीचा आभास निर्माण करतात. गीताचा विषय युद्धात हातपाय गमावलेला सैनिक हा असल्याने तेथे तंत्र आणि आशय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

डेथ मेटलमध्ये 'मॉर्बिड एंजल'चा पीट सँडोव्हल आणि 'डेथ'चा जीन होग्लन ही दोन नावे टाळता येत नाहीत. होग्लनच्या काटेकोर लयीमुळे त्याला 'अणुघड्याळ' या अर्थाचे टोपणनाव मिळाले आहे. सँडोव्हलने ब्लास्ट बीट आणि दुहेरी बास यांची सांगड घातली. ब्लास्ट बीटमध्ये स्नेअर, झांज आणि बास ड्रम यांवर अतिजलद आघात होत असतात. दोन्ही तंत्रे पुष्कळदा एकच समजली जातात, तसे नाही: ब्लास्ट बीट एका पायानेही वाजविता येतो.

पायांचे तंत्र

मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेस चार आघात केल्यास मिनिटाला ८०० आघात होतात. म्हणजेच प्रत्येक पायाला सेकंदास सहाहून अधिक. मंद लयीत टाच उचलून मांडीच्या बळावर आघात करता येतो. वेग वाढला की एवढा मोठा स्नायू पुरेशा तातडीने हालत नाही आणि काम घोट्याकडे व पोटरीकडे सोपवावे लागते. या दोहोंमधील संक्रमणाची लय हीच शिकणाऱ्यांची खरी अडचण असते. तेथे मांडी थकते आणि घोटा अजून तयार नसतो. काही वादक प्रत्येक आघाताला पाऊल आलटून पालटून आत-बाहेर वळवितात, तर काही एकाच हालचालीत टाच व चवडा यांच्या साहाय्याने दोन आघात मिळवितात.

दोन बास ड्रमऐवजी एकाच ड्रमवर जोडपेडल वापरण्याची रीत १९८० च्या दशकात रुळली. डाव्या पेडलची हालचाल दांड्यामार्फत ड्रमपर्यंत पोहोचते. जागा वाचते, दोन्ही पायांचा नाद एकसारखा येतो आणि वाहतूकही सोपी होते. दोन भव्य ड्रमचा थाट मात्र अनेकांना सोडवत नाही.

केवळ वेग म्हणजे कौशल्य नव्हे, हे स्वीडनच्या 'मेशुगा'चा टोमास हाके याच्या 'ब्लीड' (२००८) या गीतावरून दिसते. त्याच्या मुख्य आकृतिबंधात पाय दोन जलद आणि दोन त्यांच्या निम्म्या वेगाचे आघात करतात. हा गट पाऊण मात्रेचा होतो. हात मात्र सरळ चार मात्रांचा ठेका धरून असतात. परिणामी पायांचा गट दर वेळी मात्रेच्या वेगळ्या ठिकाणी सुरू होतो आणि चार आवर्तनांनंतर, म्हणजे तीन मात्रांनी, पुन्हा मात्रेवर येतो. लयकारीची सवय असलेल्या श्रोत्याला हा हिशेब अपरिचित वाटणार नाही.

ट्रिगरचा वाद

ड्रमवर संवेदक बसवून प्रत्येक आघाताला आधी ध्वनिमुद्रित केलेला नाद उमटविणाऱ्या साधनास ट्रिगर म्हणतात. अतिजलद वादनात आघात हलके होतात व गिटारच्या गदारोळात हरवतात, म्हणून त्याचा उपयोग होतो. ही फसवणूक होय, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. ट्रिगरमुळे आघातांच्या जोरातील असमानता झाकली जाते. पण लय चुकली तर ती उलट अधिक स्पष्ट ऐकू येते.

शरीर आणि वादन

या पद्धतीत वादकाचे दोन्ही पाय अधांतरी असल्याने तोल कंबर व पाठ यांवर येतो. सँडोव्हलला २०१० मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे थांबावे लागले आणि 'मॉर्बिड एंजल'च्या २०११ मधील संग्रहात दुसऱ्या वादकाने वादन केले. 'स्लिपनॉट'चा जोई जॉर्डिसन याचा आजार वादनामुळे झालेला नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये तो गटातून बाहेर पडला, तेव्हा त्याचे कारण लोकांना कळले नाही. मज्जारज्जूचा दाह होऊन आपल्या पायांतील शक्ती गेली होती, हे त्याने २०१६ मध्ये जाहीर केले. व्यायाम व उपचार यांच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच वर्षी 'सिनसेनम' या गटाच्या संग्रहात त्याने ड्रमवादन केले. २०२१ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

'डेफ लेपर्ड'चा रिक ॲलन याचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. त्यानंतर विद्युत पेडलांचा खास संच तयार करून घेऊन डाव्या हाताचे काम, स्नेअरच्या आघातांसह, त्याने डाव्या पायाला शिकविले. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅसल डॉनिंग्टन येथील महोत्सवात तो या संचासह रंगमंचावर आला. १९८७ मधील 'हिस्टेरिया' या संग्रहातही वादक तोच आहे.