दान तेच, गणित नवं

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या भूमिका-खेळाच्या जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान, तितका बचाव भक्कम. नव्या शतकात हे उलटलं.

● दुसरी आवृत्ती (१९८९) : 'थॅको' म्हणजे चिलखत शून्य असलेल्या शत्रूला वार लागण्यासाठीचं दान. थॅको १८, शत्रूचं चिलखत ४. १८ वजा ४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर किमान १४ हवेत.

● तिसरी आवृत्ती (२०००) : थॅको गेला. तेच आकडे २०मधून वजा केले, की हल्ल्याचा बोनस २, चिलखत १६. दान पुन्हा १४च. फक्त वजाबाकीऐवजी बेरीज.

● 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' (२०१९) : याच खेळाच्या १९८१च्या नियमांची सुटसुटीत फेरमांडणी. दोन्ही पद्धती दिल्या आहेत. हवी ती घ्या.