राज्यपाल : निवडलेला आणि नेमलेला

रावेरला राज्यशास्त्र शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : अमेरिकेत राज्यपाल लोक निवडतात, आपल्याकडे तो दिल्लीहून का येतो?

उत्तर घटना समितीच्या कामकाजात आहे. १९४८ च्या मसुद्यात राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असा एक पर्याय होता. मे १९४९ च्या अखेरीस समितीने तो सोडला आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करावी असे ठरविले. साऱ्या राज्याने निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री यांच्यात झगडा अटळ होता. ज्या पदाला फारशी सत्ताच नाही, त्यासाठी निवडणुकीचा खर्च आणि खटाटोप कशाला, हाही बाबासाहेबांचा मुद्दा होता.

अमेरिकेत मात्र राज्यपाल हाच राज्याचा खरा कारभारी. अंदाजपत्रक तो मांडतो, विधेयक तो अडवतो. म्हणून व्हर्जिनियातील १९८९ ची निवडणूक मोलाची. यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढणाऱ्या राज्यांची राजधानी याच राज्यातल्या रिचमंडला होती. तिथे गुलामांचे नातू डग्लस वाइल्डर निवडून आले. अमेरिकेत लोकांनी राज्यपालपदी निवडलेला हा पहिला काळा माणूस. काळ्यांची वस्ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे गोऱ्यांच्या मतांवाचून विजय अशक्य. चाचण्यांनी मोठी आघाडी दाखविली होती. प्रत्यक्षात सुमारे अठरा लाख मतांत सात हजारांहून कमी मतांनी ते जिंकले. तोंडाने एक आणि मतपेटीत दुसरे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता महाराष्ट्राकडे पाहू. २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २००४ ची विधानसभा निवडणूक त्यांच्या कारकिर्दीत झाली. आघाडी पुन्हा सत्तेवर आली. मुख्यमंत्री मात्र विलासराव देशमुख झाले. शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. पुढे रिपब्लिकन चळवळीतले रा. सू. गवई बिहारचे आणि केरळचे राज्यपाल झाले. या नेमणुकांचा आनंद आपल्या वस्त्यांत झाला, तो खोटा नव्हता. परंतु ज्या पदाला सत्ता नको म्हणून घटनेने निवडणूक नाकारली, त्या पदालाच आपण सत्ता समजू लागलो तर फसगत आपलीच आहे.

भुसावळची विधानसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. रावेरची खुली आहे. खुल्या जागेवर आपला उमेदवार उभा राहील, तेव्हा गावकुसाच्या आतली किती मते त्याला पडतील? वर्गातल्या त्या प्रश्नाच्या पाठीमागे मला हा प्रश्न दिसतो. राजभवनातल्या खुर्चीवर त्याचे उत्तर मिळणार नाही.