गोष्ट सांगा, पोर पुस्तक धरील



बेणे, खत, पाणी यांविषयी या पानांवर नेहमी येतेच. आज थोडे घरातल्या लहान पोरांविषयी.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरी बोलायचे झाडी, पोवारी, गोंडी नाहीतर हिंदी, आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी. पहिलीतले पोर अक्षरे लावते, पण शब्द ओळखीचा निघत नाही. मग ते पुस्तकालाच भिते. मास्तर दोष देतात पोराला, आपण देतो मास्तरांना. यावरचा एक उपाय घरातच आहे, तो म्हणजे गोष्ट.

नवेगावबांधचेच घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगतात. भोवतालच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी पाटलांना हात दिला अशी कथा. पुढे लोकांनी पाटलांचाच कोलासुर देव केला. कोहळी जसे तलाव बांधण्यात, तसेच ऊस पिकवण्यातही पटाईत. म्हणजे गोष्ट आपल्याच बांधावरची! रात्री जेवणे झाल्यावर आजीने ती आपल्या बोलीत सांगावी. दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीतल्या ताईने तीच पाच-सहा ओळींत, ठसठशीत अक्षरांत वहीत उतरवावी आणि धाकट्याचे बोट ओळीखाली धरून वाचावी. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून 'तलाव', 'बहीण', 'टेकडी' हे शब्द तो चटकन ओळखतो. आजीला अक्षरओळख नसली तरी काही अडत नाही.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आठवण सांगतो आणि ऐकणारे उद्याची वाट बघतात. 1950 साली गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी त्यांच्या नावे कथामाला चालवली.

गोष्ट संपल्याबरोबर 'तात्पर्य काय?' म्हणून पोराची उलटतपासणी मात्र घेऊ नये. (ही खोड आपणा मोठ्यांना फार.) उलट ऐन रंगात थांबावे आणि पुस्तक त्याच्या हाताशी ठेवावे. तीच गोष्ट दहादा मागितली तर दहादा सांगावी. नेहरू बाल पुस्तकालयाची चित्रांची पुस्तके मराठीत मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते; ते जरा मोठ्या मुलांचे, पण मोठ्याने वाचले तर धाकटीही ऐकत बसते.

गळीत हंगामात घरी यायला रात्र होते, हे खरे. मग सुट्टीच्या दिवशी पाण्याची पाळी चालू असताना बांधावर बसून सांगा. पोर डबा घेऊन येतेच.