फुंकणी : हातभर नळी, हजारोंची रोजी

फुंकणी म्हटले की प्रथम चूल आठवते. ओली लाकडे धुमसू लागली की घरची बाई लोखंडाची किंवा पितळेची हातभर नळी निखाऱ्याजवळ धरून फुंकर मारी. तोंडातला वारा नेमका एका जागी जाई, निखारा फुले आणि चेहरा धगीपासून लांब राही. गॅस आला आणि शहरातली फुंकणी अडगळीत गेली. पण म्हणून फुंकणीचा जमाना संपला असे समजू नये. सोनार, काचवाला, वेल्डर, वनखाते, इतकेच काय, आमचा कापडधंदासुद्धा आज कोणत्या ना कोणत्या रूपात फुंकणीवर चालतो.

शब्द एक, अर्थ अनेक

हिंदी-उर्दूत हिला फुंकनी म्हणतात आणि सोनाराच्या वाकड्या तोंडाच्या नळीला बंकनाल. फुंकण्याचे अर्थही बरेच. पैसा फुंकला म्हणजे उधळला, कान फुंकले म्हणजे चहाडी केली, जखमेवर फुंकर घातली म्हणजे दिलासा दिला. आणि दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला सांगायला नको.

फुंकणीचा आणखी एक अर्थ शिकारीचा. बोर्निओ बेटावरचे दायाक लोक कठीण लाकडाला आरपार भोक पाडून माणसापेक्षा उंच नळी बनवत. तिच्यात विषारी झाडाच्या चिकात बुडवलेला बारीक बाण घालून फुंकर मारली की झाडावरचे माकड आवाज न होता खाली येई. मलायात तिला 'सुंपितान' म्हणतात. त्यावरूनच अरबी 'जबताना' आणि पुढे स्पॅनिश 'सेर्बाताना' हे शब्द आले, असे भाषेचे जाणकार मानतात. माल जसा बंदरोबंदरी फिरतो, तसे शब्दही फिरतात. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला क्युरारे नावाचे विष लावत. त्याच विषाचा औषध म्हणून उपयोग 1942 साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी झाला. आज वस्तीत बिबट्या शिरला आणि तो जवळच्या टप्प्यात असला, तर वनखात्याचे डॉक्टर फुंकनळीतूनच त्याला बेशुद्धीचे इंजेक्शन मारतात. बंदुकीचा धक्का मोठा, फुंकरीचा हलका.

सोनाराचा श्वास

दिव्याची ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते. तिच्यात नळीने वारा सोडला की ती निळी, टोकदार आणि कितीतरी जास्त गरम होते. ती टाकणखार लावलेल्या सांध्यावर वळवली की डाख वितळून सांध्यात शिरते आणि दागिना मात्र शाबूत राहतो. सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते, डाख त्याच्या आधी. या दोहोंमधले अंतर सांभाळणे हाच खरा हुनर. मुरलेला उस्ताद गाल फुगवून तोंडात वारा साठवतो, नाकाने श्वास घेत राहतो आणि ज्योत तुटू देत नाही. शागिर्दाला हे साधायला महिने लागतात. आता तेलाच्या दिव्याची जागा गॅसने घेतली आहे, तरी बारीक कामाला तोंडाने फुंकायची नळी अनेक कारागीर सोडत नाहीत.

याच तत्त्वावर पुढे मोठ्या गोष्टी झाल्या. 1801 साली अमेरिकेच्या रॉबर्ट हेअर यांनी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची फुंकणी तयार केली. 1902 मध्ये फ्रान्सच्या व्हर्नय यांनी तशीच ज्योत उलटी धरून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. जवाहिऱ्यांनी लक्षात ठेवावे : अशा माणकात भिंगाखाली वाकड्या रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसू शकतात. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत 3000 अंशांच्या वर जाते. नाक्यावरच्या गॅस वेल्डरची बत्ती ती हीच.

काच आणि आभला

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शाम आणि फिलिस्तीनच्या किनारपट्टीत नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन फुंकण्याची युक्ती निघाली आणि श्रीमंतांची काच बाजारात आली. तेराव्या-चौदाव्या शतकात शाम आणि मिसरमध्ये बनलेले मशिदींचे मीनाकारी दिवे अशाच फुंकलेल्या काचेचे आहेत. महाराष्ट्रात 1908 साली तळेगाव दाभाडे येथे लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून पैसा फंड काच कारखाना उभा राहिला.

घागरा-चोळीचा धंदा करणाऱ्यांनी गुजरातच्या कपडवंजचे नाव ऐकले असेल. तेथील शीशगर मुसलमान कारागीर काचेचा मोठा गोळा फुंकतात, आतून चकचकीत लेप देतात आणि त्याचे तुकडे करतात. भरतकामातला आभला तो हाच. गोळ्यातून निघाल्यामुळे तो किंचित फुगीर असतो, यंत्राच्या काचेचा सपाट. माल पारखताना बोट फिरवले तरी फरक कळतो, मग भाव करावा.

धूर कोणाच्या छातीत?

आता खरी काळजीची गोष्ट. फुंकणीने काम करणाऱ्याचे तोंड ज्योतीच्या अगदी जवळ असते. 'केडीएम' दागिन्यांच्या डाखेत कॅडमियम असते. ते 321 अंशांना वितळते आणि 767 अंशांना उकळते, म्हणजे सांधा देतानाच त्याची वाफ होते. ती छातीत गेली तर लगेच फारसे जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला आणि दम लागतो, प्रसंगी जीवही जातो. रोज थोडी थोडी गेली तर मूत्रपिंड बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1993 सालीच कॅडमियमला कर्करोगाच्या पहिल्या गटात टाकले. हॉलमार्कच्या मालात ते चालत नाही, आणि जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. म्हणजे कॅडमियममध्ये आरोग्यही नाही आणि धंदाही नाही.

दुसरी गोष्ट नळी वाटून घेण्याची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या काच कारखान्यांत एकच नळी अनेकांच्या तोंडाला लागे. त्यातून संसर्गाचे रोग पसरले. क्षयाची भीती आपल्याकडे आजही आहे.

म्हणून कारखानदार बांधवांना अर्ज आहे. कॅडमियमची डाख बंद करा. धूर ओढणारा पंखा कारागिराच्या पाठीमागे नको, ज्योतीच्या पलीकडे लावा, म्हणजे धूर तोंडाकडे न येता बाहेर जाईल. प्रत्येकाला त्याची स्वतःची नळी द्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला की त्याला दवाखान्यात पाठवा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. आणि माल घेणाऱ्या सराफाने डाख कसली वापरली, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. विचारणारे गिऱ्हाईक भेटले की कारखाना आपोआप सुधारतो.

शेवटी आमच्या धंद्याचे. इचलकरंजीत एअरजेट माग आले आहेत. त्यात धोटा नाही, बाण्याचा धागा वाऱ्याच्या फुंकरीने ताण्यातून पलीकडे जातो. दायाक शिकाऱ्याचा बाण आणि हा धागा, दोघांची चाल एकच. मागाला ही फुंकर कॉम्प्रेसर देतो. सोनाराला मात्र ती स्वतःच्या छातीतून द्यावी लागते. कॉम्प्रेसरची देखभाल आपण वेळेवर करतो, तशी या छातीचीही करावी.